मृत्यूची बातमी पुढे पाठवताना

सायकलस्वारांच्या जीवघेण्या अपघातांच्या बातम्या एकमेकांना पाठवाव्यात की नाही, या एकाच विषयावर या वेळी इतकी पत्रं आली की गिअर आणि टायरचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. काही वाचकांना वाटतं, या बातम्या माणसांना सायकलवरून खाली उतरवतात. काहींचं म्हणणं, बातमी दाबली तर रस्ता आहे तसाच राहील. निवडक पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या सायकल ग्रुपवर कुठेही कोणी सायकलस्वार गेला की दहा मिनिटांत बातमी येते. खाली हात जोडल्याची चित्रं, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मग पुढची बातमी. नवे सदस्य घाबरून सकाळचे यायचे थांबले. हे बंद करावं म्हटलं तर 'वास्तवाकडे पाठ फिरवू नका' असं ऐकावं लागतं. आपलं मत काय?

बातमी बंद करू नये. नुसते हात जोडून ती पुढे ढकलणं मात्र नक्की थांबवावं.

नवे सदस्य का घाबरतात ते आधी पाहू. जी गोष्ट चटकन आठवते ती वारंवार घडत असणार, असं आपलं मन धरून चालतं. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली ही सवय नीट मांडली. ग्रुपवर मृत्यूची बातमी येते. त्याच दिवशी सायकल चालवून सुखरूप घरी पोचलेल्या लाखो लोकांची बातमी कधीच येत नाही. त्यामुळे भागाकारातला वरचा आकडा डोळ्यांसमोर राहतो आणि खालचा गायब असतो.

हिशेबच करून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात रस्त्यांवर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात आणि त्यांत सायकलस्वार सुमारे ६ टक्के असतात. म्हणजे वर्षाला ७० हजारांच्या वर, दिवसाला सुमारे १९५. जगातली प्रत्येक बातमी तुमच्या फोनवर येऊ लागली तर दर साडेसात मिनिटांना एक येईल. आकडा भयंकर आहे, आणि तो कमी करण्यासाठीच ही सगळी धडपड आहे. पण फोन किती वेळा वाजला त्यावरून तुमच्या रोजच्या रस्त्याबद्दल काहीच कळत नाही. वर्षभरापूर्वी महिन्याला एक बातमी यायची आणि आता चार येतात, तर रस्ता चौपट धोक्याचा झाला असेल किंवा ग्रुपचे सदस्य चौपट झाले असतील. बहुतेक वेळा यातली दुसरी शक्यताच खरी असते.

म्हणून बातमी टाकण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. धडक कोणत्या वाहनाची? ते वाहन त्या क्षणी काय करत होतं, म्हणजे सरळ जात होतं, वळत होतं, ओलांडत होतं की उभं होतं? आणि जागा कशी होती, चौक, पूल, उतार की सरळ मोकळा रस्ता? तीनपैकी दोन उत्तरं मिळत नसतील तर बातमी थांबवून ठेवावी. उत्तरं मिळाली की ती बातमी शोकसंदेश राहत नाही, वाचणाऱ्याला तिचा काही उपयोग होतो.

दुसरी सोय साधी आहे. राइडची वेळ आणि ठिकाण ज्या ग्रुपवर ठरतं तिथे अशा बातम्या नकोत. 'रस्ता सुरक्षा' असा वेगळा ग्रुप करावा, ज्याला हवं त्याने स्वतःहून यावं. पहाटे पाचला निघणाऱ्या नवख्या माणसाला रात्री दहाला मृत्यूची बातमी वाचायला लावण्यात कोणाचंच भलं नाही.

प्रश्न : बातमीतून शिकावं म्हणता, पण छापून येतं ते 'भरधाव ट्रकने चिरडले', 'काळाचा घाला', 'नियंत्रण सुटल्याने' एवढंच. यातून काय शिकणार?

या शब्दांच्या मागे काय असू शकतं हे माहीत असेल तर बरंच शिकता येतं. 'काळाचा घाला' आणि 'दुर्दैवी' हे शब्द मात्र सरळ गाळावेत. काळ वाहन चालवत नव्हता. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ मध्येच 'अॅक्सिडेंट' हा शब्द आपल्या पानांवरून हद्दपार केला, कारण त्यातून 'टाळता येण्यासारखं नव्हतं' असं सूचित होतं. मराठीत 'अपघात' हा शब्द इतका रुळला आहे की तो टाळा असा हट्ट आम्ही धरणार नाही. पण 'अपघात झाला' यापेक्षा 'कारने सायकलला मागून धडक दिली' हे वाक्य जास्त सांगतं.

'चाकाखाली आला' असं वाचलं की ट्रक वळत होता का, हे पाहावं. लांब वाहन वळताना पुढची चाकं मोठा घेर घेतात आणि मागची चाकं आतून कापत जातात. केबिन पुढे सरकताना ट्रकची बाजू तुमच्यापासून दूर वाटते. दोन सेकंदांनी तीच बाजू तुमच्यावर चालून येते आणि मधे जायला जागा उरत नाही. सिग्नलला ट्रकच्या कडेने पुढे सरकणं यामुळेच घातक आहे, मग ट्रकचा इंडिकेटर लागलेला असो वा नसो. मागेच थांबावं. ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. उंच केबिनच्या अगदी नाकासमोर उभं राहणंही तितकंच वाईट, तिथला रस्ता चालकाला काचेतून दिसतच नाही.

'अज्ञात वाहनाची धडक' ही बातमी बहुधा मोकळ्या, सरळ, वेगाच्या रस्त्यावरची असते आणि धडक बहुतेक मागून असते. इथे वेळ, उजेड, मागचा दिवा आणि रस्त्याची कडा या चार गोष्टी शोधाव्यात. कडेला खडी, खड्डा किंवा बाजूची माती झिजून उंच राहिलेली डांबराची धार असेल तर सायकलस्वार ऐनवेळी आत येतो आणि बातमीत 'अचानक मध्ये आला' असं छापलं जातं.

या 'अचानक'चंही गणित आहे. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि चालकाला भानावर यायला एक सेकंद असं धरलं, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची कार साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० च्या वेगाला सुमारे २८ मीटर लागतात. म्हणजे पहिली कार जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरीने ब्रेक दाबायलाही सुरुवात केलेली नसते, ती पूर्ण ५० च्या वेगाने आदळते. 'अचानक आला' असं वाचलं की 'वाहनाचा वेग किती होता' हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

'उभ्या कारला धडकून' असं असेल तर दार उघडलं होतं का ते बघा. कारचं दार साधारण एक मीटर बाहेर येतं. उभ्या गाड्यांच्या रांगेपासून दीड मीटर अंतर ठेवावं, आणि स्वतः कारमधून उतरताना दाराच्या विरुद्ध बाजूच्या हाताने दार उघडावं. अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं.

'हेल्मेट घातले नव्हते' हे वाक्य मात्र फार विचार न करता चिकटवलं जातं. हेल्मेट जरूर घालावं. पण ईएन १०७८ या युरोपीय मानकात हेल्मेटची चाचणी सुमारे दीड मीटर उंचीवरून पाडून होते, आदळण्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत असतो. सायकलवरून पडून डोकं आपटणं, यासाठी ते बनवलेलं आहे. ट्रकचं चाक छातीवरून गेल्याच्या बातमीत हेल्मेटचा उल्लेख वाचकाला कारणापासून दूर नेतो.

शब्दरचनेने खरंच फरक पडतो का, अशी शंका काहींनी विचारली आहे. २०१९ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात ९९९ लोकांना पादचाऱ्याला झालेल्या धडकेची बातमी तीन प्रकारे लिहून वाचायला दिली. पादचाऱ्याला कर्ता करून लिहिलेली बातमी वाचणाऱ्यांनी त्याच्यावर जास्त दोष टाकला. चालकाला कर्ता केल्यावर तो दोष कमी झाला. आणि जिथे त्या रस्त्याची, आधीच्या मृत्यूंची माहिती जोडली होती, तिथे वाचकांनी रस्ता सुधारण्याच्या उपायांना जास्त पाठिंबा दिला.

तेव्हा पाठवण्याआधी बातमी पुन्हा लिहा. समजा, छापलेली ओळ अशी आहे : 'डंपरचे नियंत्रण सुटून सायकलस्वाराचा दुर्दैवी अंत.' चौकशीनंतर ती अशी होऊ शकते : 'सकाळी आठ. सिग्नल सुटल्यावर वळणाऱ्या डंपरच्या मागच्या चाकाखाली सायकलस्वाराचा मृत्यू. सायकल डंपरच्या कडेला उभी होती असं प्रत्यक्षदर्शी सांगतात. चौकात सायकलींना पुढे थांबायला वेगळी जागा नाही. तपास चालू आहे.' कोण काय सांगतं आणि कशाचा तपास बाकी आहे, हे वेगवेगळं राहू द्यावं.

प्रश्न : मी दोन वर्षं अशा बातम्यांची कात्रणं ठेवतो आहे. मित्र म्हणतात हा छंद अभद्र आहे. याचा काही उपयोग आहे का?

आहे, आणि तुम्ही तो सोडू नये. सुटी बातमी फार थोडं सांगते. शंभर बातम्या ओळीने मांडल्या की त्या बोलू लागतात.

अमेरिकेतल्या 'लीग ऑफ अमेरिकन बायसिकलिस्ट्स' या संघटनेने २०१२ ते २०१३ मध्ये वर्षभर देशभरातल्या बातम्यांमधून ६२८ जीवघेण्या धडका गोळा केल्या. ज्यांत धडकेचा प्रकार कळला त्यांतल्या ४० टक्के मागून झालेल्या होत्या. सगळ्या लहानमोठ्या धडका धरल्या तर मागून होणाऱ्या थोड्या असतात, बहुतेक चौकात होतात. म्हणजे नुसतं खरचटणं आणि जीव जाणं या दोन गोष्टींची कारणं वेगळी निघाली. हे एका बातमीतून कधीच दिसलं नसतं. लंडनमध्ये असंच दिसलं की रहदारीत अवजड ट्रक अगदी थोडे, पण सायकलस्वारांच्या मृत्यूंत त्यांचा वाटा फार मोठा. तिथे आता १२ टनांवरच्या ट्रकना चालकाला थेट काचेतून किती दिसतं यावर शून्य ते पाच तारे मिळतात, त्यावर परवाना ठरतो, आणि २०२१ पासून परवान्याशिवाय शहरात आल्यास दंड होतो.

वहीत किंवा तक्त्यात हे रकाने असावेत : तारीख आणि वार, तास, नेमकी जागा, रस्त्याचा प्रकार आणि वेगमर्यादा, समोरचं वाहन, त्याची हालचाल, सायकलची हालचाल, उजेड, बातमीचा स्रोत, आणि 'नंतर काय झालं'. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात. रस्त्यावरचा मृत्यू म्हणून आंतरराष्ट्रीय व्याख्येत धडकेपासून ३० दिवसांच्या आत गेलेला माणूस मोजतात. बातमीत 'गंभीर जखमी' लिहिलेला माणूस बाराव्या दिवशी जातो आणि त्याची बातमी येत नाही. महिन्याने एकदा परत चौकशी करावी. माहिती नसलेला रकाना रिकामा ठेवावा, अंदाजाने भरू नये. नाव लिहायची गरज नाही.

एक सावधगिरी. छोट्या आकड्यांत कल शोधू नका. एखाद्या भागात वर्षाला सरासरी दोन मृत्यू होत असतील, तर रस्ता तसाच राहूनही साधारण सात वर्षांतून एका वर्षी चार किंवा त्याहून जास्त होतील, निव्वळ योगायोगाने. 'यंदा मृत्यू दुप्पट' असा गाजावाजा केला आणि पुढच्या वर्षी एकच झाला, तर तुमचा शब्द कोणी धरणार नाही. वाढ-घट सोडून साम्य शोधावं : तोच चौक, तसंच वळण, तीच वेळ. थोडक्यात हुकलेल्या धडकांची नोंदही त्याच रकान्यांत ठेवली तर चित्र लवकर उमटतं, कारण त्या कितीतरी जास्त घडतात आणि सांगायला माणूस जिवंत असतो.

प्रश्न : काही जण घटनास्थळाचे फोटो आणि व्हिडिओ टाकतात. म्हणतात, 'बघून तरी लोक सावध होतील.' होतात का?

नाही. नंतर काढलेल्या फोटोत परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. वाकलेली फ्रेम पाहून कोणालाही उद्या चौकात कुठे थांबायचं हे कळत नाही. भीती दाखवली आणि करण्यासारखं काही सांगितलं नाही, तर माणूस एकतर तोंड फिरवतो किंवा सायकल विकतो.

त्याहून मोठं कारण घरच्या लोकांचं आहे. जर्सी, हेल्मेटचा रंग, सायकलच्या हँडलवर गुंडाळलेली टेप, बाटलीवरचा स्टिकर यांवरून ओळखीची माणसं पाच सेकंदांत ओळखतात. आईला किंवा मुलाला ही बातमी फोनवरच्या फोटोतून कळणं यासारखी क्रूर गोष्ट नाही. चेहरा झाकून भागत नाही, सायकल दिसली तरी पुरे.

अॅडमिनने फोटो दिसताक्षणी काढावा, टाकणाऱ्याला चारचौघांत न झापता फोन करावा, आणि ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनाही काढायला सांगावं. कुटुंबाने स्वतः जाहीर करेपर्यंत नाव टाकू नये. जाहीर झालं तरी पहिले २४ तास थांबलं तर काही बिघडत नाही. गेलेल्या माणसाच्या राइड एखाद्या अॅपवर सार्वजनिक असतील तर त्यांचे दुवे मुळीच पसरवू नका, त्यातून घर कुठे आहे ते कळतं.

फोटो हवाच असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, सुरक्षित जागी उभं राहून, रिकाम्या जागेचा काढावा. सायकलवर बसल्यावर डोळे असतात त्या उंचीवरून, आणि दुसरा चालकाच्या दिशेने. त्यात झाकला गेलेला फलक, पुसलेला पट्टा, बंद दिवा, अरुंद होत गेलेली कडा दिसते. अर्जाला जोडायला असाच फोटो लागतो.

प्रश्न : जुन्याच बातम्या नव्याने फिरतात. तपासायचं कसं?

मूळ बातमी उघडून तारीख पाहा, नुसतं चित्र आलं असेल तर त्यातली एखादी ओळ शोधून मूळ गाठा. दोन ठिकाणच्या बातम्या ताडून पाहा, पण दोन्हींत शब्द न् शब्द सारखा असेल तर ती एकच बातमी समजा. एकच घटना दोन गावांच्या नावांनी आली तर दोन मृत्यू मोजले जातात, तेवढं सांभाळा. चूक झाली तर जिथे बातमी टाकली तिथेच दुरुस्ती टाकावी, गुपचूप पुसू नये.

प्रश्न : धडक झाल्याबरोबर बातमी पसरवण्याचा एखादा तरी थेट फायदा आहे का?

एक आहे, आणि तो फार मोलाचा आहे : साक्षीदार आणि चित्रण मिळणं. इथे घाई केलीच पाहिजे.

कारमधला डॅशकॅम, म्हणजे समोरच्या रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा, कार्ड भरलं की जुन्यावरच नवं लिहितो. ३२ जीबीच्या कार्डवर फुल एचडी चित्रण साधारण चार-पाच तासांत पुसलं जातं. दुकानं आणि सोसायट्यांचे कॅमेरेही ठरावीक दिवसांनी तेच करतात. म्हणून पहिल्या दिवशीचा संदेश असा असावा : 'अमुक रस्ता, अमुक दिशा, सकाळी ६.१० ते ६.४० या वेळात गेलेल्यांनी डॅशकॅमचं कार्ड काढून बाजूला ठेवावं आणि पोलिसांशी संपर्क साधावा.' वेळेत आधी-नंतरची पंधरा मिनिटं धरावीत, कारण तेच वाहन मागच्या चौकात कसं चालवलं जात होतं हेही उपयोगी पडतं. चित्रण ग्रुपवर मागवू नका. पाठवताना त्याचा दर्जा उतरतो, मूळ फाइलची वेळ हरवते, आणि ते पसरतं ते वेगळंच. मूळ फाइल मूळ कार्डवरच तपास करणाऱ्यांच्या हाती जावी. जवळच्या दुकानात कोणीतरी जाऊन 'हे चित्रण राखून ठेवा' एवढं त्याच दिवशी सांगावं.

सोबतच्या सायकलस्वारांसाठी आणखी काही. सायकल आणि हेल्मेट धुऊ नये, सरळ करू नये. मागचा दिवा लागतो का हे चालू-बंद करून पाहू नये. तुमच्या स्वतःच्या जीपीएस यंत्रावरची राइड थांबवून जतन करा, कापू-छाटू नका, तिच्यात दर काही सेकंदांची जागा आणि वेग असतो. गेलेल्या माणसाचं यंत्र चालूच राहिलं तर पुढची नोंद रुग्णवाहिकेच्या प्रवासाची होते. ते कुटुंबाकडे किंवा पोलिसांकडे आहे तसं द्यावं. आणि तिथे असलेल्या प्रत्येकाने जे पाहिलं ते एकमेकांशी बोलण्याआधी, त्याच दिवशी, स्वतःच्या शब्दांत वेळ घालून लिहून ठेवावं. दोन दिवस ग्रुपवर चर्चा झाली की सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होऊ लागतात आणि पुराव्यातलं बळ जातं.

प्रश्न : घरचे प्रत्येक बातमी मला पाठवतात आणि 'आता बास झाली सायकल' म्हणतात. आकडे दाखवले तर चिडतात.

ते चिडणारच. त्यांनी तुमच्याबद्दलची काळजी सांगितली आणि तुम्ही सरासरी सांगितली. आकडा खरा आहे : २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात कारऐवजी सायकल वापरणाऱ्यांचं आयुष्य व्यायामामुळे सरासरी ३ ते १४ महिन्यांनी वाढतं आणि रस्त्यावरच्या धोक्यामुळे ५ ते ९ दिवसांनी घटतं, असा हिशेब निघाला. तो नेदरलँड्सच्या रस्त्यांचा हिशेब आहे हे लक्षात ठेवा. जिथे सायकलला वेगळी जागा नाही तिथे घट जास्त असणार.

त्यांनी पाठवलेल्या बातमीलाच उत्तर द्या. ती त्यांच्यासोबत वाचा, धडक कशी झाली ते शोधा आणि आपल्या बाबतीत काय बदलता येईल ते ठरवा. मागून धडक असेल तर वेगाचा रस्ता सोडून दोन किलोमीटर लांबचा संथ रस्ता धरता येईल का? अंधारातली असेल तर अर्धा तास उशिरा निघता येईल का? मागे दोन दिवे लावावेत, एक स्थिर आणि एक लुकलुकता, म्हणजे एकाची बॅटरी संपली तरी दुसरा असतो आणि स्थिर दिव्यामुळे मागच्याला अंतराचा अंदाज येतो. घोट्याजवळ किंवा पेडलवर रिफ्लेक्टर लावावा, वरखाली होणारा प्रकाश पाहून सायकल आहे हे चटकन कळतं. हँडलला आरसा लावावा. प्रत्यक्ष झालेला बदल दिसला की घरच्यांचा सूर बदलण्याची शक्यता असते. आणि एखादी बातमी वाचून 'हा रस्ता आजपासून बंद' असं तुम्ही म्हणालात, तर ते भित्रेपण नव्हे. बातमीचा तोच योग्य वापर आहे.

प्रश्न : मृत सायकलस्वाराची चूक असेल तर ती बोलायची नाही का? बोललं की 'मेलेल्याला दोष देता' म्हणतात.

बोलायची, पण तपास पुरा झाल्यावर आणि क्रमाने. विमान अपघातांच्या तपासासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. हीच शिस्त इथे आणावी. आधी रस्ता, मग वाहन आणि त्याचा वेग, मग चालक, आणि शेवटी सायकलस्वार. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या धडकेचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून वेग बाजूला ठेवून 'सिग्नल तोडला होता' इथून सुरुवात केली तर चर्चा तिथेच संपते. चुकीच्या बाजूने सायकल चालवणं, अंधारात दिवा नसणं, ट्रकच्या कडेने घुसणं या चुका स्पष्ट सांगाव्यात, पण त्या त्या माणसाच्या बातमीखाली नकोत. महिन्याने, नाव न घेता, वेगळा मजकूर लिहावा. कुटुंबातलं कोणीतरी ग्रुपवर असू शकतं, हे धरूनच लिहावं.

प्रश्न : श्रद्धांजली म्हणून काही करायचं असेल तर काय करावं?

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसं गेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. शाळेत जाताना लेक गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये 'मुलांची हत्या थांबवा' अशा मथळ्याखाली लिहिलं आणि त्यातून चळवळ उभी राहिली. पालकांनी रस्ते अडवले, आणि मागण्या ठरावीक होत्या : सायकलींना वेगळी वाट, वस्तीत कमी वेग. श्रद्धांजलीच्या सभेत असाच एक अर्ज तयार ठेवावा, एका जागेचा, एका बदलाचा, वरच्या तक्त्यातल्या नोंदींसह.

मूक राइडची प्रथा २००३ मध्ये अमेरिकेत डॅलस शहरात सुरू झाली. मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी, कोणी न बोलता, ताशी १९ किलोमीटरच्या आतल्या वेगाने निघते. नोव्हेंबरचा तिसरा रविवार हा रस्त्यावर गेलेल्यांचा स्मरणदिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये स्वीकारला आहे, तोही दिवस धरता येतो.

घटनास्थळी पांढरी रंगवलेली सायकल ठेवण्याची रीतही २००३ मध्येच अमेरिकेतल्या सेंट लुईसमधून पसरली. ती ठेवायची तर आधी कुटुंबाची संमती, मग जागेच्या मालकाची किंवा पालिकेची. भंगारातली सायकल घ्यावी, चेन, केबल, ब्रेक आणि सीटचं कव्हर काढून टाकावं, म्हणजे चोरीला जात नाही आणि रंग नीट बसतो. गंज घासून प्रायमर, त्यावर टायरसकट पांढऱ्या रंगाचे दोन हात. खांबाला साखळीने बांधताना ती चालकांची किंवा पादचाऱ्यांची नजर अडवत नाही, पदपथ अरुंद करत नाही हे पाहावं. दर सहा महिन्यांनी कोण पाहणार ते त्याच दिवशी ठरवून ठेवावं, आणि कुटुंब 'काढा' म्हणालं तर त्याच आठवड्यात काढावी.